क्रेमलिनमधून कोण कसं गेलं?

रशियन माणसाला झारच लागतो, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. अग्रलेखांपासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत सगळीकडे हे वाक्य कानावर पडतं. लेनिन, स्टालिन, ब्रेझनेव्ह, पुतिन अशी नावं ओळीनं घेतली की ते खरंही वाटतं. एवढा अवाढव्य देश, एवढी थंडी, एवढ्या भाषा आणि जमाती. तिथं कडक हाताचा धनीच हवा, असा निष्कर्ष निघतो आणि विषय संपतो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि अन्यायकारकही. गेल्या शंभरहून अधिक वर्षांत रशियन जनतेला आपला राज्यकर्ता खरोखर निवडायची संधी फार थोड्या वेळा मिळाली. जेव्हा मिळाली, तेव्हा लोकांनी ती हिरिरीनं वापरली. दार दर वेळी बंद झालं ते वरून, सत्तेत बसलेल्यांच्या हातून.

हे समजून घ्यायचं तर क्रेमलिनमध्ये कोण आलं यापेक्षा तिथून कोण कसं गेलं, ते पाहायला हवं. लेनिन आजारपणात गेला. स्टालिन, ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को सत्तेवर असतानाच मरण पावले. ख्रुश्चेव्हला सहकाऱ्यांनी कट करून काढलं. गोर्बाचेव्हच्या पायाखालचा देशच नाहीसा झाला. येल्त्सिनने आपला वारस स्वतः ठरवून पद सोडलं. मेदवेदेव्हने खुर्ची आधीच्या धन्याला परत दिली. या यादीत निवडणूक हरून घरी गेलेला एकही माणूस नाही. आपल्याकडे १९७७ साली इंदिरा गांधी हरल्या, त्यांनी राजीनामा दिला आणि १९८० मध्ये त्या मतांच्याच जोरावर परत आल्या. आपल्याला ही गोष्ट इतकी सरावाची झाली आहे की तिचं मोल जाणवत नाही. रशियात ती आजवर घडलेली नाही, आणि त्या देशाच्या राजकारणातल्या बहुतेक शोकांतिका तिथूनच सुरू होतात.

एका रात्रीत गुंडाळलेली सभा

१९१७ च्या सुरुवातीला झार दुसरा निकोलस पायउतार झाला. नव्या हंगामी सरकारनं संविधान सभेसाठी सार्वत्रिक निवडणुकीचं वचन दिलं. ती व्हायच्या आतच, ७ नोव्हेंबर १९१७ रोजी, लेनिनच्या बोल्शेविकांनी राजधानी पेत्रोग्राडमध्ये सत्ता हाती घेतली. तरीही निवडणूक रद्द करण्याचं धाडस त्यांनी केलं नाही. त्याच महिन्यात मतदान सुरू झालं. चार कोटींहून अधिक लोकांनी मत दिलं. त्यात स्त्रियाही होत्या, आणि त्या वेळी ब्रिटनमधल्या स्त्रियांनाही संसदेसाठी मताधिकार नव्हता. खेड्यापाड्यांत वजन असलेला समाजवादी क्रांतिकारक पक्ष पहिला आला. बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मतं मिळाली.

१८ जानेवारी १९१८ रोजी ही सभा पेत्रोग्राडच्या ताव्रीचेस्की राजवाड्यात भरली. सभेच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्चावर त्याच दिवशी गोळीबार झाला. बोल्शेविक सदस्य सभात्याग करून गेले. उरलेले पहाटेपर्यंत बोलत राहिले. शेवटी पहाऱ्यावरच्या खलाशांच्या प्रमुखानं, पहारेकरी दमलेत, आता सभा आवरा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सदस्य परत आले तेव्हा दाराला कुलूप होतं. रशियाच्या पहिल्या खऱ्या लोकनियुक्त सभेचं आयुष्य एवढंच.

पुढे यादवी युद्ध आलं, दुष्काळ आला. बाकीचे पक्ष एकेक करून संपवण्यात आले. मार्च १९२१ मध्ये दहाव्या अधिवेशनात बोल्शेविकांच्या, म्हणजे आता कम्युनिस्ट म्हणवणाऱ्या, पक्षाच्या आतही गट करण्यावर बंदी आली. विरोधी पक्ष आधीच गेले होते. आता पक्षातला विरोधही गुन्हा ठरला. १९२२ च्या अखेरीस सोव्हिएत संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या राज्यकर्त्याला हटवण्याचा एकही वैध मार्ग शिल्लक नव्हता.

कागदावर सोव्हिएत, हातात पक्ष

स्टालिन एप्रिल १९२२ मध्ये पक्षाचा सरचिटणीस झाला. हे पद तेव्हा कारकुनी समजलं जाई. पण कुठल्या जिल्ह्यात पक्षाचा सचिव कोण, कुठल्या कारखान्याचा संचालक कोण, कुठल्या वृत्तपत्राचा संपादक कोण, हे ठरवणाऱ्या याद्या त्याच कार्यालयात बनत. नोमेनक्लातुरा म्हणून ओळखली जाणारी हीच ती पद्धत. नेमणूक ज्याच्या हाती, निष्ठा त्याच्या पायाशी. आजारी लेनिनने स्टालिनला त्या पदावरून काढा, असं लिहवून ठेवलं होतं. लेनिनच्या मृत्यूनंतर, मे १९२४ मध्ये, ते पत्र पक्षाच्या अधिवेशनाच्या प्रतिनिधींना वाचूनही दाखवण्यात आलं. स्टालिन जागचा हलला नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांची पदं त्याच्याच यादीतून आली होती.

१९३६ ची राज्यघटना वाचली तर ती उदार वाटते. सार्वत्रिक मताधिकार, गुप्त मतदान, भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, सगळं तिच्यात आहे. पुढच्या वर्षी निवडणूक झाली, तेव्हा मतपत्रिकेवर एकेकच नाव होतं. त्याच काळात, १९३७-३८ मध्ये, सरकारच्याच नोंदींप्रमाणे सहा लाख ऐंशी हजारांवर लोकांना मृत्युदंड दिला गेला. घटनेच्या मसुद्यावर काम केलेल्या बुखारिनला मार्च १९३८ मध्ये गोळी घातली गेली. पक्षाच्या १९३४ च्या अधिवेशनानं निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य व उमेदवार-सदस्यांपैकी ९८ जण मारले गेले. हा आकडा पुढे ख्रुश्चेव्हने स्वतः जाहीर केला. एकट्या माणसाला आवर घालणारी यंत्रणा नसली की पक्षाचे नेतेही सुरक्षित राहत नाहीत, याचा याहून भयंकर पुरावा मिळणार नाही.

याच राजवटीनं निरक्षर शेतकऱ्यांच्या देशाला साक्षर केलं आणि अवजड उद्योग उभे केले. तिच्याच काळात सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसं गमावून या देशानं हिटलरला हरवलं. महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांना त्या देशाविषयी वाटलेली ओढ खोटी नव्हती. स्टालिनग्राडचा पवाडा रचणारे अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशिया पाहून आले, आणि तिथल्या श्रमिकाला मिळालेल्या मानाविषयी त्यांनी मनापासून लिहिलं. तो मान खरा होता. पण त्या श्रमिकाला आपला नेता बदलता येत नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

मरण किंवा कट

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन गेला. पुढे कोण, याचं उत्तर कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया जूनमध्ये पकडला गेला आणि डिसेंबरमध्ये त्याला गोळी घालण्यात आली. पंतप्रधान मालेन्कोव्ह मागे पडला आणि पक्षयंत्रणा हाती असलेला ख्रुश्चेव्ह वर आला. फेब्रुवारी १९५६ मध्ये विसाव्या अधिवेशनाच्या बंद बैठकीत त्यानं स्टालिनचे गुन्हे उघड मांडले. लाखो कैदी छावण्यांतून परतले. १९५७ मध्ये जुन्या नेत्यांनी बहुमतानं त्याला हटवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यानं प्रश्न केंद्रीय समितीपुढे नेला. दूरदूरच्या सदस्यांना मॉस्कोत आणण्यासाठी मार्शल झुकोव्हने लष्करी विमानं दिली आणि डाव उलटला. हरलेल्यांना मात्र गोळी घातली गेली नाही. त्यांच्यातला मोलोतोव्ह मंगोलियात राजदूत झाला, मालेन्कोव्हला कझाकस्तानातल्या वीजकेंद्रावर पाठवलं गेलं.

ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह काळ्या समुद्रकाठच्या पित्सुंदा इथं सुट्टीवर असताना त्याला मॉस्कोला बोलावलं गेलं आणि निवृत्त केलं गेलं. स्टालिनसमोर उभं राहून त्याला जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. आपल्याला म्हणता आलं यातच आपलं काम दिसतं, असं तो त्या वेळी बोलल्याचं सांगितलं जातं. बदल मोठा होता. तरी निर्णय बंद खोलीतल्या मूठभर माणसांचाच होता, आणि जनतेला तो वर्तमानपत्रांतून कळला.

त्यानंतर ब्रेझनेव्हची अठरा वर्षं. पदाधिकाऱ्यांना स्थैर्य हवं होतं, ते त्यानं दिलं. १९७७ च्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमानं कम्युनिस्ट पक्षाला समाजाची मार्गदर्शक शक्ती म्हणून थेट कायद्यात बसवलं. माणसं खुर्चीतच म्हातारी झाली. नोव्हेंबर १९८२ ते मार्च १९८५ या अवघ्या अठ्ठावीस महिन्यांत ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को असे तीन सर्वोच्च नेते वारले. नेता बदलायचा तर तो मरण्याची वाट पाहायची, अशी त्या महासत्तेची अवस्था झाली होती.

लोक मतपेटीपाशी परतले

मार्च १९८५ मध्ये चोपन्न वर्षांचा मिखाइल गोर्बाचेव्ह सरचिटणीस झाला. अर्थव्यवस्था अडली होती आणि पक्षयंत्रणा बदल होऊ देत नव्हती. तिच्यावर खालून दाब यावा म्हणून त्यानं मार्च १९८९ मध्ये लोकप्रतिनिधींच्या नव्या महासभेसाठी निवडणूक घेतली. २२५० पैकी ७५० जागा पक्ष आणि संघटनांसाठी राखीव होत्या. उरलेल्यांपैकी अनेक ठिकाणी प्रथमच एकाहून अधिक उमेदवार उभे राहिले.

लोकांनी काय केलं पाहा. मॉस्कोत, पक्षनेतृत्वाच्या मर्जीतून उतरलेला बोरिस येल्त्सिन जवळपास नव्वद टक्के मतं घेऊन आला. लेनिनग्राडमध्ये, म्हणजे पूर्वीच्या पेत्रोग्राडमध्ये, पक्षाचा तिथला प्रमुख सोलोव्योव्ह याच्यासमोर दुसरा उमेदवारच नव्हता. मतदारांनी त्याचं नाव खोडून त्याला पाडलं. महासभेचं कामकाज दूरचित्रवाणीवर थेट दाखवलं गेलं, तेव्हा देशभर लोक कामधाम सोडून ते ऐकत होते. वर्षानुवर्षं नजरकैदेत राहिलेला शास्त्रज्ञ आंद्रेइ साखारोव्ह आता व्यासपीठावरून सत्तेला प्रश्न विचारत होता. झारच हवा असलेली ही जनता नव्हे.

मार्च १९९० मध्ये सहाव्या कलमातली पक्षाची मक्तेदारी गेली. त्याच वेळी गोर्बाचेव्हने एक घातक निर्णय घेतला. नव्यानं निर्माण झालेलं राष्ट्राध्यक्षपद त्यानं महासभेच्या मतांवर घेतलं. जनतेसमोर तो गेलाच नाही. जून १९९१ मध्ये येल्त्सिन मात्र ५७ टक्के लोकमतानं रशियन प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. त्या वर्षी १९ ऑगस्टला सरकारातल्याच कट्टरपंथीयांनी बंड केलं आणि गोर्बाचेव्हला क्रिमियात अडकवलं. तेव्हा लोक ज्याच्याभोवती जमले तो रणगाड्यावर चढलेला येल्त्सिन होता. बंडात तीन तरुणांचे प्राण गेले. ते तीन दिवसांत फसलं. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचं जाहीर केलं. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्हने राजीनामा दिला.

रणगाड्यांनंतरची राज्यघटना

पुढची दोन वर्षं कमालीच्या हलाखीची होती. १९९२ मध्ये किमती पंचवीसपटीहून अधिक वाढल्या आणि आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. आर्थिक सुधारणांवरून येल्त्सिन आणि संसद यांच्यात जुंपली. घटना जुनीच, सोव्हिएत काळातली, ठिगळं लावलेली. अंतिम शब्द कुणाचा हे तिच्यातून स्पष्ट होत नव्हतं. २१ सप्टेंबर १९९३ रोजी येल्त्सिनने संसद बरखास्त केली. तसा अधिकार त्याला नव्हता, आणि घटना न्यायालयानंही तसंच सांगितलं. संसदेनं त्याला पदच्युत करून उपाध्यक्ष रुत्स्कोइला अध्यक्ष घोषित केलं. संसदेच्या सशस्त्र समर्थकांनी ओस्तांकिनो दूरचित्रवाणी केंद्रावर हल्ला केला. ४ ऑक्टोबरला रणगाड्यांनी संसदभवनावर तोफा डागल्या. अधिकृत आकड्यानुसार या दिवसांत १४७ माणसं मेली.

आजच्या रशियाची राज्यघटना या धुरातून जन्मली. १२ डिसेंबर १९९३ रोजी ती सार्वमतानं मंजूर झाली. पंतप्रधान नेमताना अध्यक्षाला खालच्या सभागृहाची, म्हणजे दूमाची, संमती लागेल. पण दूमानं तीनदा नकार दिला तर अध्यक्ष तिलाच बरखास्त करू शकेल, अशी तिची रचना होती. अध्यक्षाला फर्मानं काढता येत. महाभियोगासाठी मात्र दोन्ही सभागृहांचं दोन तृतीयांश बहुमत आणि दोन न्यायालयांचे अभिप्राय लागत. जिंकलेल्या माणसानं आपल्या मापाची घटना लिहून घेतली. पाश्चात्त्य देशांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, कारण माणूस त्यांच्या आवडीचा होता. पण घटना माणसापेक्षा जास्त जगते.

१९९६ हे वर्ष मला या साऱ्या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी सत्तेवरचा अध्यक्ष हरण्याची शक्यता खरोखर होती. कम्युनिस्ट पक्षाचा गेन्नादी झ्युगानोव्ह सुरुवातीच्या चाचण्यांत बराच पुढे होता. मार्चमध्ये येल्त्सिनने दूमा बरखास्त करून निवडणूक पुढे ढकलण्याची फर्मानं तयार करवली होती. हे त्यानं पुढे आठवणींत स्वतः लिहिलं आहे. सहकाऱ्यांच्या विरोधामुळे तो मागे फिरला. मग दुसरी वाट निवडली गेली. आदल्या वर्षी सरकारला कर्ज देऊन निकेल आणि तेलाच्या कंपन्या स्वस्तात मिळवलेले धनाढ्य त्याच्या पाठीशी उभे राहिले. मोठ्या वाहिन्यांनी प्रचाराचं काम अंगावर घेतलं. दोन फेऱ्यांच्या मधे त्याला आलेला हृदयविकाराचा झटका मतदारांपासून लपवला गेला. ३ जुलैला तो सुमारे ५४ विरुद्ध ४० टक्क्यांनी जिंकला. माध्यमं आणि पैसा हाती असला की निवडणूक सांभाळता येते, हा धडा त्या वर्षी पक्का झाला. तो लोकशाहीवादी म्हणवणाऱ्यांनीच शिकवला होता.

नेमलेला वारस

त्याच उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्गमध्ये, म्हणजे जुन्या लेनिनग्राडमध्ये, महापौर अनातोली सोबचाक निवडणूक हरला. त्याच्या प्रचाराची धुरा सांभाळणाऱ्यांपैकी एक होता त्याचा सहायक, व्लादिमिर पुतिन. सोबचाकमागे चौकशा लागल्या आणि पुढच्या वर्षी तो पॅरिसला निघून गेला. पुतिनची नोकरी गेली. तो मॉस्कोला आला. हरणाऱ्याचं रशियात काय होतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं.

ऑगस्ट १९९८ मध्ये रशियन सरकारनं कर्जफेड थांबवली आणि रुबल कोसळला. पुढच्या वर्षभरात पंतप्रधान एकामागून एक बदलले. ९ ऑगस्ट १९९९ रोजी गुप्तचर सेवेचा प्रमुख असलेल्या पुतिनची त्या पदावर निवड झाली. सप्टेंबरमध्ये राहत्या इमारतींत झालेल्या स्फोटांत शेकडो माणसं मेली, चेचन्यात दुसरं युद्ध पेटलं, आणि अनोळखी पंतप्रधान झपाट्यानं लोकप्रिय झाला. ३१ डिसेंबरला येल्त्सिनने देशाची क्षमा मागत राजीनामा दिला. हंगामी अध्यक्ष पुतिनच्या पहिल्या फर्मानांपैकी एक माजी अध्यक्षाला कायदेशीर संरक्षण देणारं होतं. मार्च २००० ची निवडणूक त्यानं पहिल्याच फेरीत जिंकली.

यानंतर नवी घटना लिहायची गरजच पडली नाही. १९९३ ची घटना पुरेशी होती. २००१ मध्ये सरकारी नियंत्रणाखालच्या गाझप्रोमनं एनटीव्ही ही टीकाकार वाहिनी ताब्यात घेतली. २००३ मध्ये युकोस या तेल कंपनीचा मालक खोदोर्कोव्स्की तुरुंगात गेला, तो दहा वर्षांनी सुटला. २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेतल्या ओलीसकांडानंतर प्रांतांच्या गव्हर्नरांची थेट निवडणूक रद्द झाली. तेल २००८ मध्ये पिंपामागे १४० डॉलरच्या वर गेलं. पगार आणि निवृत्तिवेतनं वेळेवर मिळू लागली. नव्वदच्या दशकात पोळलेल्या माणसाला हे स्थैर्य मोलाचं वाटलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून त्या स्थैर्याची किंमत काय घेतली जाते आहे, हे सांगणाऱ्या वाहिन्या तोवर गप्प झाल्या होत्या.

घटनेनुसार लागोपाठ दोनच कार्यकाळ मिळत. म्हणून २००८ मध्ये दिमित्री मेदवेदेव्ह अध्यक्ष झाला आणि पुतिन पंतप्रधान. अध्यक्षाचा कार्यकाळ चारऐवजी सहा वर्षांचा केला गेला. सप्टेंबर २०११ मध्ये दोघांनी जागा परत बदलायची घोषणा केली. डिसेंबरच्या दूमा निवडणुकीतल्या गैरप्रकारांनंतर मॉस्कोच्या बोलोत्नाया चौकात हजारो लोक उतरले. हे लोकही रशियनच होते.

विरोधकाशिवाय निवडणूक

या निदर्शनांना सत्तेचं उत्तर होतं कायद्यांचं. २०१२ पासून परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर परकीय हस्तक असा शिक्का बसू लागला. पुढे तो पत्रकारांवर आणि व्यक्तींवरही बसला. २०१४ मध्ये क्रिमिया रशियाला जोडून घेतला गेला आणि राष्ट्रवादाची लाट उसळली. २७ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री विरोधी नेता बोरिस नेम्त्सोव्ह क्रेमलिनजवळच्या पुलावर मारला गेला. अंतराळात गेलेली पहिली स्त्री आणि तेव्हा सत्ताधारी पक्षाची खासदार असलेल्या वालेन्तिना तेरेश्कोव्हानं २०२० मध्ये, पुतिनचे आधीचे कार्यकाळ मोजू नयेत, अशी सूचना दूमात मांडली. ती घटनेत गेली. त्यामुळे त्याला २०३६ पर्यंत सत्तेवर राहण्याची मुभा मिळाली.

विरोधी नेता अलेक्सेइ नवाल्नीला २०१३ च्या मॉस्को महापौर निवडणुकीत २७ टक्के मतं मिळाली होती. त्याला पुन्हा कधीही मतपत्रिकेवर येऊ दिलं गेलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाला. जर्मनीत बरा होऊन जानेवारी २०२१ मध्ये तो जाणूनबुजून मायदेशी परतला आणि विमानतळावरच पकडला गेला. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आर्क्टिकमधल्या तुरुंगात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियानं युक्रेनवर पूर्ण आक्रमण केलं. हा निर्णय रोखू शकेल अशी संसद, न्यायालय किंवा वृत्तपत्र देशात उरलं नव्हतं. आठवड्याभरातच सैन्याविषयी खोटी माहिती पसरवल्याबद्दल पंधरा वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला. जून २०२३ मध्ये खरं आव्हान आलं, ते सशस्त्र माणसांकडून. प्रिगोझिनच्या वॅग्नर या भाडोत्री दलाच्या सैनिकांनी रोस्तोव्हचं लष्करी मुख्यालय ताब्यात घेतलं आणि ते मॉस्कोच्या दिशेनं निघाले. बंड एका दिवसात मिटलं; दोन महिन्यांनी प्रिगोझिन विमान अपघातात मेला. मतपेटीचा मार्ग बंद केला की बंदुकीचाच मार्ग उरतो, हे स्थैर्याच्या मोठमोठ्या गोष्टी सांगणाऱ्या राजवटीनंही अनुभवलं.

जानेवारी २०२४ मध्ये युद्धाला विरोध करणाऱ्या बोरिस नादेझ्दिनच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सही करायला कडाक्याच्या थंडीत अनेक शहरांत रांगा लागल्या. सह्यांत दोष दाखवून त्याला बाद केलं गेलं. मार्चच्या निवडणुकीत पुतिनला ८७ टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं.

पुढचा प्रश्न

पुतिननंतर कोण, हा प्रश्न जगभर विचारला जातो. घटनेच्या ९२ व्या कलमात उत्तर आहे: अध्यक्षपद अकाली रिकामं झालं तर पंतप्रधान कारभार पाहील आणि तीन महिन्यांत निवडणूक होईल. १९५३ आणि १९६४ मध्ये मात्र बंद खोलीतल्या मोजक्या माणसांनीच पुढचा धनी ठरवला. १९९९ मध्ये तर याच घटनेचं पालन झालं आणि तरीही निकाल आधीच ठरलेला होता. म्हणून पुढच्या माणसाचं नाव, वय किंवा तो पश्चिमेकडे झुकणारा आहे का, याला मी फारसं महत्त्व देत नाही. १९९३ मध्ये जगानं तीच चूक केली होती.

रशियात खरा बदल ओळखायची खूण एकच आहे. ज्या दिवशी सत्तेवरचा माणूस निवडणूक हरेल, तुरुंगाची किंवा परदेशी पळून जायची भीती न बाळगता पद सोडेल, आणि पुढच्या वेळी पुन्हा उभा राहू शकेल, त्या दिवशी रशिया बदललेला असेल. त्यासाठी जनतेचा स्वभाव बदलण्याची वाट पाहायला नको. १९१७ मध्ये मत देणारे चार कोटी लोक, लेनिनग्राडमध्ये एकट्या उमेदवाराचं नाव खोडणारे मतदार आणि नादेझ्दिनसाठी थंडीत उभे राहिलेले तरुण यांनी आपल्या वाट्याचं काम केलेलं आहे. बदलायची आहे ती सत्तेची रचना, आणि हरलेल्यालाही सुरक्षितपणे जगता येईल असे नियम बनवण्याची जबाबदारी जिंकणाऱ्यांवर आहे.